बाहेरगावच्या कामगारांची युनियन होत नाही म्हणणाऱ्यांसाठी थोडा मुंबईचा इतिहास

प्रश्न साधारण असा आलाय: डिलिव्हरी, गोडाऊन, बांधकाम, सगळीकडे आता बाहेरगावची पोरं, एका खोलीत आठ-दहा जण राहतात, जरा काही झालं की बॅग भरून गाव गाठतात, अशांची युनियन बांधायची तरी कशी? आणि प्रश्नातच पुढे उत्तरही देऊन टाकलंय की गिरणी कामगारांची गोष्ट वेगळी होती, ते मुंबईचेच होते म्हणून त्यांना जमलं.

मी कामगार कोर्ट आणि युनियन ऑफिस यांच्या पायऱ्या चढउतार करत म्हातारा झालो, बरंचसं काम परळ-लालबागमध्येच, आधी गिरणीवाल्यांचे पीएफ-ग्रॅच्युइटीचे क्लेम आणि मग कंत्राटी कामगारांच्या केसेस. त्यामुळे पहिल्यांदा ते उत्तरच खोडतो. गिरणी कामगार मुंबईचे नव्हते. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईतल्या दर १०० माणसांमागे ८४ जण मुंबईबाहेर जन्मलेले निघाले. १९११ च्या सुमाराला गिरण्यांमधले जवळपास निम्मे लोक एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते, म्हणजे तेव्हाचा रत्नागिरी, आजचा सिंधुदुर्ग धरून. त्यांच्या खालोखाल घाटावरचे, सातारा, पुणे, कोल्हापूर, नगरकडचे, नंतर उत्तरेतले विणकर आले, तेलंगणातले पद्मशाली आले. आज आपण ज्याला ‘अस्सल मुंबईकर’ म्हणतो त्याचा पणजोबा बोटीतून भाऊच्या धक्क्यावर उतरलेला असतो, हातात वळकटी, खिशात गावच्या कोणा मुकादमाचं नाव. आणि बायको-पोरं गावाला. शेताचा तुकडा इतका छोटा की खोताचा हिस्सा दिल्यावर वर्ष निघत नाही, म्हणून एक भाऊ शेतावर आणि एक भाऊ मुंबईला, आणि महिन्याला मनीऑर्डर. हे काही दोन-चार वर्षं नाही चाललं, चार पिढ्या चाललं.

म्हणजे तुम्ही आज ज्या अडचणी सांगताय, परका माणूस, गावाकडे ओढा, दाटीवाटीची खोली, रोजची खात्री नाही, त्या सगळ्या त्यांनाही होत्या, वर शिक्षण नाही, फोन नाही. तरी देशातले सगळ्यात मोठे संप याच लोकांनी केले. तर मग कसे केले ते बघू. माझं मत सरळ आहे: गाव त्यांच्या संघटनेच्या आड आलं नाही, गावावरच ती संघटना उभी होती. आणि जिथे ती पडली तिथेही गावातून आलेल्या काही गोष्टी कारण होत्या, त्याही सांगतो, नाहीतर नुसतं गुणगान होईल.

सुरुवात मुकादमापासून करावी लागते. १८५४ ला कावसजी दावर यांनी ताडदेवला कंपनी काढली तिथून गिरण्या सुरू झाल्या, पुढे अमेरिकेतल्या युद्धामुळे कापसात पैसा आला आणि बघता बघता गिरण्या वाढल्या. मालकाला माणूस कुठून आणायचा, कसा टिकवायचा ही कटकट नको होती, त्याने ती मुकादमावर टाकली. मुकादम भरती करणार, कामावर घेणार-काढणार, त्याबद्दल दस्तुरी म्हणजे आपलं कमिशन घेणार, आणि हाच माणूस खोली मिळवून देणार, उधारी देणार किंवा वाण्याकडे हमी राहणार. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करायची. पगार महिना संपल्यावर पुढच्या महिन्याच्या मध्याला कधीतरी व्हायचा, म्हणजे नवीन माणूस आला की त्याला दीड महिना हातात दमडी नाही. तो दीड महिना त्याने काय खायचं? त्या दीड महिन्यातच तो मुकादमाच्या, वाण्याच्या, व्याजाने पैसे देणाऱ्या पठाणाच्या वहीत चढायचा तो कायमचाच. आजच्या लेबर कॉन्ट्रॅक्टरची उचल बघा, काहीही बदललेलं नाही.

पण मुकादम नुसता मालकाचा माणूस नव्हता हे विसरू नका. त्याची ताकद त्याच्या माणसांमध्ये, आणि ती माणसं त्याच्या गावची, नात्यातली. मालकाने मुकादमाला काढलं की अख्खं खातं बाहेर यायचं. सुरुवातीचे कितीतरी संप असेच, एका खात्याचे, एका मुकादमाच्या मागे. युनियन नावाची गोष्ट यायच्या आधी संप आला, हा क्रम लक्षात ठेवा, कारण आजचे कार्यकर्ते आधी रजिस्ट्रेशन, मग पावती पुस्तक, मग लेटरहेड आणि मग कामगार असं उलटं करतात.

नारायण मेघाजी लोखंडे यांचंच बघा. सत्यशोधक माणूस, एका गिरणीत स्टोअरकीपर होते, १८८० पासून ‘दीनबंधु’ चालवायचे. १८८४ मध्ये त्यांनी ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ काढली, फॅक्टरी कमिशनपुढे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं, रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर अशा मागण्या. सरकारी अहवालात पुढे तक्रार आहे की या संघटनेला सभासदांची यादी नाही, फंड नाही, नियम नाहीत. अगदी खरं होतं ते. पण एप्रिल १८९० मध्ये त्यांच्या सभेला दहा हजार कामगार जमले, त्यात दोन बायकांनी उभं राहून भाषणं केली, आणि १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. यादी नसलेल्या संघटनेने. आज रविवारी दुपारी जेवून आडवे होताना कोणाला लोखंडे आठवत नाहीत ते सोडा.

१८९६ ला प्लेग आला आणि तेव्हा सगळ्यांना एक गोष्ट कळली, मालकांना आधी कळली. माणसं झुंडीने गावाला पळाली, गिरण्या रिकाम्या, आणि उरलेल्या कामगारांना ओढण्यासाठी मालक रस्त्याच्या नाक्यावर बोली लावायला लागले, महिन्याच्या पगाराऐवजी रोजचे पैसे रोज द्यायला लागले. जे मागून मिळत नव्हतं ते नुसतं निघून गेल्यावर मिळालं. गावी जाता येणं हीच सगळ्यात मोठी ताकद होती. ज्याला जायला जागाच नाही तो आठ दिवसांत मोडतो. (लोखंडे त्याच साथीत १८९७ ला गेले.)

पुढे १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणगाव सहा दिवस बंद होतं, वर्षाला एक दिवस असा हिशोब, तेव्हाही धड युनियन नव्हती. १९१९ आणि १९२० चे सार्वत्रिक संप, एक लाखाच्या वर माणूस बाहेर, तरी मागे भक्कम युनियन नाही. ऑक्टोबर १९२० मध्ये मुंबईत आयटक या देशभरातल्या युनियनच्या संघटनेची स्थापना झाली, लाला लजपतराय अध्यक्ष, ते वरवरचं छत्र झालं, पण गिरणीच्या गेटवर कोण होतं? तिथे खोली होती आणि खानावळ होती.

खोलीबद्दल जरा नीट सांगतो कारण इथेच सगळी मेख आहे. एका गावाने किंवा एका वाडीने मिळून चाळीत खोली घ्यायची, त्याला गाळा म्हणा, गावकीची खोली म्हणा. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस माणसं नावावर. भिंतीला लागून ट्रंका, एकाची एक ट्रंक, दोरीवर कपडे, आणि झोपायला पाळीप्रमाणे: पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर पसरणार. भाडं सगळ्यांत वाटून. एक वही, त्यात कोणी किती दिले, कोणाचे राहिले, गावच्या देवळाला वर्गणी किती, कोण मयत झालं तर त्याच्या घरी किती पाठवले. नवीन पोरगा गावाहून आला की काम लागेपर्यंत त्याचं भाडं खोली उचलणार. कोणी आजारी पडला, कोणाचं काम सुटलं तरी तेच. ही वही म्हणजे मला विचाराल तर मुंबईतलं पहिलं युनियनचं रजिस्टर. सोसायटी अॅक्टखाली नोंदलेली नाही एवढंच. गोव्याहून आलेल्या खलाशांचे कूड होते ना, धोबीतलावच्या बाजूला, एकेका गावाचा एकेक कूड, तोही हाच प्रकार, बोट लागेपर्यंत माणूस तिथे पडून राहायचा.

आणि खानावळवाली. एकट्या राहणाऱ्या पुरुषांचं दोन वेळचं जेवण तिच्याकडे, पैसे पगार झाल्यावर. संप झाला की पगार नाही, पण पोटाला सुट्टी नाही. मग ती वाण्याकडे उधारी करणार, अंगावरचं गहाण ठेवणार आणि माणसं जेवत राहणार. संपाचा फंड म्हणून जो काही होता तो या बायकांच्या गळ्यात आणि हातात होता, आणि संप फसला की बुडीतही त्यांच्याच नावावर. युनियनच्या इतिहासात यांचं नाव अर्ध्या ओळीत येतं. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं तेव्हा कुठे या बायकांना बँकेचं कर्ज मिळायची सोय झाली, सावकाराच्या दारातून सुटका झाली. प्रेमाताई स्वतः कामगार चळवळीतल्या, गोवा मुक्तीच्या लढ्यातल्या, त्यांना बरोबर दिसलं की गिरणगाव नेमकं कोणाच्या जिवावर उभं आहे.

तर १९२८. मालकांनी विणाईत दोनऐवजी तीन माग एका माणसाला, कताईत एकाऐवजी दोन बाजू, अशी सुरुवात केली होती, कमी माणसात जास्त काम. एप्रिलच्या शेवटाला संप सुरू झाला तो ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, दीड लाखाच्या आसपास कामगार, सहा महिने. १७ मागण्या. संप चालू असतानाच मे महिन्यात गिरणी कामगार युनियन झाली, लाल बावट्याची म्हणजे कम्युनिस्टांची, अध्यक्ष अर्जुन आळवे, सेक्रेटरी डांगे, बरोबर मिरजकर, निंबकर, जोगळेकर. आळवे आणि कासले हे स्वतः गिरणीतले, कोकणातले, हे महत्त्वाचं आहे, कारण इंग्रजी येणारे पुढारी ऑफिसात बसून फार तर मागण्या लिहितात, खोलीत शिरायला खोलीतलाच माणूस लागतो. ना. म. जोशींची टेक्स्टाईल लेबर युनियन १९२६ पासून होती, सनदशीर, जपून चालणारी, तीही संयुक्त संप कमिटीत आली.

सहा महिने कसे काढले याचं उत्तर परत तेच. हजारो माणसं गावाला गेली. शेतीचा हंगामच होता, लावणीला हात मिळाले, गावातल्या तांदळावर पोट चाललं. रशियातल्या कापड कामगारांकडून पैसे आले त्याचा सरकारने फार गवगवा केला, पण तेवढ्याने दीड लाख माणसं सहा महिने जगत नाहीत हो. मुंबईत राहिलेल्यांना धान्यवाटप, आणि कोणी फुटून कामावर गेला तर? तर त्याचं नाव गावाला कळायचं. पोलीस गेटवर संरक्षण देऊ शकतात, शिमग्याला पालखीत कोण बाजूला टाकलं जाईल, कोणाच्या पोरीला स्थळ येणार नाही, तिथे पोलीस काय करणार. हे गोड वाटणारं नाहीये, हा दबाव होता आणि चांगलाच जाचक होता, पण संप टिकण्यामागे तो होता हे लपवून काय उपयोग.

संप मिटल्यावर युनियनचे सभासद पन्नास हजारांच्या वर गेले आणि गिरणीगिरणीत कमिट्या झाल्या. आधी तक्रार घेऊन मुकादमाकडे जायचं, आता गिरणी कमिटीकडे. माझ्या मते त्या वर्षातली सगळ्यात मोठी कमाई हीच, मुकादमाची गादी कमिटीने घेतली. मालकांना आणि सरकारला संपापेक्षा याचीच जास्त भीती वाटली असणार. मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या खटल्यात सरकारने पुढारी उचलले, त्याच वर्षीचा दुसरा संप फसला आणि युनियन बसली.

आता दुसरी बाजू. गावाबरोबर जातही आली. विणाई खात्यात पगार जास्त, आणि तिथे अस्पृश्य मानलेल्या जातींच्या माणसाला प्रवेश नाही. कारण काय, तर धोटा म्हणजे मागावर आडवं सूत नेणारी नळी, त्यातून सूत ओढायचं ते तोंडाने, एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला, त्यामुळे विटाळ. पाण्याचे माठही वेगळे. हे मालकांनी लादलेलं नव्हतं, कामगारांनी, लाल बावट्याखाली उभ्या राहणाऱ्या कामगारांनी पाळलेलं होतं. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हाच मुद्दा पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला, की आमच्या माणसाला सगळ्या खात्यांत काम करता आलं पाहिजे ही मागणी तुमच्या यादीत आहे का? मोठ्या कुरकुरीने ती घेतली गेली. १९२९ च्या संपाला मग त्यांनी विरोध केला त्याच्यामागे हे सगळं आहे, नुसतं ‘कम्युनिस्टांशी वैर’ म्हणून उडवून लावता येत नाही. आणि तेच बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९३८ ला, संपाचा हक्क काढून घेणाऱ्या औद्योगिक कलह बिलाविरुद्ध, आपला स्वतंत्र मजूर पक्ष घेऊन कम्युनिस्टांच्या शेजारी उभे राहिले आणि एक दिवस गिरणगाव बंद झालं. माणसाला खोलीत घेतलं की तो लढ्यात येतो, खोलीबाहेर ठेवलं तर का यावं त्याने?

परक्यांविरुद्ध परके हाही खेळ तेव्हापासूनचा. शिवडीकडच्या तेल कंपन्यांच्या संपात मालकांनी पठाण आणले संप फोडायला, त्यातून राग, त्यात पोरं पळवतात अशा अफवा, आणि फेब्रुवारी १९२९ ला शहरात दंगल. मारले गेले ते कोण, तर गरीबच, दोन्हीकडचे. आणि बायका, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरणीत दर चार-पाच कामगारांमागे एक बाई होती, रीळ आणि वायंडिंगमध्ये. १९२९ ला मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, चांगला कायदा, पण नवीन यंत्रं आणि काटछाट यात मालकांनी पहिली कुऱ्हाड बायकांवरच घातली. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर अशा बायका गेटवर लढल्या, पण पुरुषांच्या युनियनने बायकांच्या नोकरीसाठी जेवढं भांडायला हवं होतं तेवढं भांडलं नाही. हे मी युनियनवालाच म्हणतोय.

मग आला कायदा, आणि इथे आजच्या पोरांनी कान टवकारावेत. १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, आम्ही बीआयआर म्हणतो. एका भागात एका धंद्याला एकच प्रातिनिधिक युनियन, करार तीच करणार, कोर्टात कामगाराच्या वतीने तीच उभी राहणार. कापड धंद्यात हा शिक्का काँग्रेसच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला आणि कामगारांचा विश्वास मात्र दुसऱ्याच युनियनवर. म्हणजे ज्याला कामगार मानतात त्याला कायदा मानत नाही आणि कायदा ज्याला मानतो त्याच्या मीटिंगला कामगार जात नाहीत, असं जवळजवळ चाळीस वर्षं चाललं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच गिरणगावाने रस्ते भरले, अमर शेख, अण्णाभाऊ, गव्हाणकर यांच्या कलापथकाने चाळी जाग्या ठेवल्या, फ्लोरा फाउंटनला गोळ्या खाणाऱ्यांत कामगार होते. आणि त्याच वस्त्यांतून १९६६ नंतर शिवसेना वाढली, परप्रांतीयांविरुद्ध, म्हणजे ज्यांचे आजे बोटीतून आले त्यांची पोरं ट्रेनमधून येणाऱ्यांवर उठली. ५ जून १९७० ला परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, पोटनिवडणूक सेनेने जिंकली. तिथून लाल बावट्याचा उतार लागला तो लागलाच.

१९८२ बद्दल सगळ्यांना वाटतं आपल्याला माहितीये. ८१ च्या दिवाळीच्या बोनसवरून चिडलेले कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या घाटकोपरच्या घरी गेले, की तुम्ही आमचं पुढारपण घ्या. सामंत मूळचे डॉक्टर, खाणीतल्या कामगारांवर उपचार करता करता युनियनमध्ये आलेले, इंजिनिअरिंग कंपन्यांत मोठे पगारवाढीचे करार करून दिलेले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू, अडीच लाखाच्या आसपास कामगार. मागण्यांत पगारवाढ, बदलीवाल्यांना कायम करा, आणि बीआयआर रद्द करा. ही शेवटची मागणी सरकारला जड गेली, कारण ती मान्य केली तर काँग्रेसची युनियनच जाते. बदलीवाला म्हणजे रोज सकाळी गेटवर उभा राहणार, कोणाचा खाडा पडला तर आत, नाहीतर घरी, आणि अशी वर्षानुवर्षं काढलेले लोक. आजच्या ॲपवर लॉगिन करून ऑर्डरची वाट बघणाऱ्याला हे समजावून सांगावं लागू नये.

तेव्हाही माणसं गावाला गेली, सातारा, कोल्हापूर, सांगली, कोकण, गावोगाव संपकऱ्यांच्या कमिट्या झाल्या, धान्य गोळा करून मुंबईला पाठवलं. सांगलीच्या खानापूर तालुक्यात तर वेगळंच झालं. दुष्काळ पडलेला, गावाला परतलेले संपकरी आणि शेतकरी एकत्र आले, रोजगार हमीच्या कामासाठी, पाण्यासाठी लढायला लागले, त्यातून भारत पाटणकरांबरोबर मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली, येरळा नदीतली वाळू ठेकेदारांनी उपसू नये म्हणून भांडले आणि लोकांनी बळीराजा धरण बांधलं. गेटवर शिकलेलं गावात कामाला आलं. मुंबईच्या संपाचा हिशोब मांडताना हे कोणी धरत नाही.

पण मग १९२८ ला चाललेलं १९८२ ला का नाही चाललं? अठ्ठावीस साली मालकाला गिरणी चालवायची होती, कामगार गावाला जाऊन बसला की मालकाचं नुकसान होत होतं. ब्याऐंशी साली भिवंडीचे पॉवरलूम कापड काढत होते, गोडाऊनमध्ये माल पडून होता, आणि गिरणीखालच्या जमिनीचा भाव गिरणीपेक्षा जास्त होत चालला होता. ज्या मालकाला चालवायचीच नाही त्याला गावाला जाऊन काय धमकावणार? ‘सामंतांनी गिरण्या बंद पाडल्या’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, चांगल्या शिकलेल्या लोकांकडून, की आता वाद घालत नाही, फक्त फिनिक्स मिल आणि कमला मिलच्या गेटसमोर उभं राहून तिथले मॉल आणि ऑफिसं बघा म्हणतो. संप रीतसर मागे कधी घेतलाच नाही. ८३ मध्ये १३ गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या. ९१ च्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचे तीन भाग व्हायचे होते, एक पालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला, २००१ मध्ये नियम बदलून वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची केली, सुप्रीम कोर्टाने २००६ ला ते उचलून धरलं. दत्ता इस्वलकरांच्या गिरणी कामगारांच्या समितीने पुढे घरांचा लढा दिला, २०१२ ला म्हाडाची पहिली मोठी सोडत निघाली.

मोडलेल्या गोष्टी पुरे, आता टिकलेली सांगतो: माथाडी. मस्जिद बंदर, दाणाबंदरला पाठीवर ओझी वाहणारे, बहुतेक साताऱ्याकडचे, टोळीने काम करणारे, आज या व्यापाऱ्याकडे उद्या त्या. मालक कोण हेच ठरवता येत नाही, मग कायदा कोणाला लावणार? अण्णासाहेब पाटील यांनी टोळी मोडली नाही. १९६९ चा माथाडी कायदा आला, त्यात टोळी जशीच्या तशी बोर्डात नोंदवायची, व्यापाऱ्याने मजुरी बोर्डाकडे भरायची, वर लेव्ही म्हणजे मजुरीवर ठराविक टक्के जादा रक्कम भरायची, आणि बोर्ड कामगाराला पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस देणार. मालक कितीही बदलोत, कामगाराचं खातं एकच. आजच्या माथाडीत काय काय घुसलंय, बोगस टोळ्या, खंडणी, ते मला चांगलं ठाऊक आहे, पण बेसिक रचना त्या काळातली सगळ्यात हुशार रचना होती आणि प्लॅटफॉर्मवाल्यांसाठी ॲपवर लेव्ही लावा ही मागणी जे आज करतात ते याच वाटेने चाललेत.

म्हणून तुम्हाला सांगतो, सुरुवात कंपनीच्या गेटपासून करू नका, खोलीपासून करा. कोणती खोली कुठल्या तालुक्याची, भाडं कोण गोळा करतं, मेस कोणाची, उचल कोणाकडून घेतली, गावाला जायची गाडी कुठून सुटते. खोलीतला जो माणूस हिशोब ठेवतो तो तुमचा पहिला कार्यकर्ता, भाषण करणारा नाही. खोल्या जातीच्या, भाषेच्या असतील तर दोन खोल्यांचा एक तरी कॉमन हिशोब सुरू करा, ॲक्सिडेंट झाला तर काढायची वर्गणी वगैरे, बाकीचं हळूहळू. मेस चालवणाऱ्या बाईला विसरू नका.

आणि कागद. गिरणीच्या घरांसाठी १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर मस्टरवर (हजेरीपटावर) नाव असल्याचा पुरावा लागतो, तिकीट नंबर, पास, पगाराची स्लिप, पीएफचा आकडा. माझ्या टेबलावर माणसं प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढायची, एकावर नाव ‘तुकाराम विठू’, दुसऱ्यावर ‘तुकाराम विठोबा’, रेशनकार्डावर आडनाव, पासावर गावाचं नाव आडनाव म्हणून, आणि वारस गावाला, त्याच्या दाखल्यावर तिसरंच. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांनी, त्यातले बहुतेक दलित, दुष्काळी भागातून आलेले, २०१७ ला सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन कायम नोकरी जिंकली, आणि त्यानंतरही बऱ्याच जणांचं काम नावाच्या स्पेलिंगपायी अडकून पडलं. तेव्हा पहिल्या मीटिंगलाच प्रत्येकाचं नाव आधार, बँक पासबुक आणि कंपनीच्या ॲपवर कसं लिहिलंय ते तिन्ही शेजारी शेजारी लिहून घ्या, ॲपवरच्या कमाईचे स्क्रीनशॉट दर महिन्याला काढून खोलीतल्या एकाच्या मेलवर टाकायला सांगा, कारण आयडी ब्लॉक झाला की कमाईची ती हिस्टरीही उघडता येत नाही आणि मग तो तिथे कामाला होता हेच सिद्ध करत बसावं लागतं.